स्वतः बनवलेल्या इमेजवरून कॉम्प्युटर सुरू करताना: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या, ठरलेल्या कामांसाठी एम्बेडेड लिनक्सच्या इमेज बनवताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कळमन्याकडचे धरमकाटेवाले आहेत, महाल-प्रतापनगरात अभ्यासिका चालवणारे आहेत, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत मशीन सांभाळणारे आहेत आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट डोक्यावर असलेली मुलंमुलीही आहेत. फाइलींची नावं आणि कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना मात्र त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

एम्बेडेड इमेज म्हणजे नेमकं काय? उबुंटूच्या पेनड्राइव्हपेक्षा ती वेगळी कशी?

इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी), बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि रूट फाइलसिस्टम (बाकी सगळ्या फाइलींचं मूळ फोल्डर) असं सगळं तिच्यात आपापल्या जागी आधीच मांडलेलं असतं. ती डिस्कवर लिहिली की काम झालं. इन्स्टॉलर नसतो, “नेक्स्ट, नेक्स्ट” नसतं.

उबुंटूच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्यांना लागेल ते सगळं असतं, म्हणून तो काही जीबींचा होतो. आपल्या इमेजमध्ये फक्त आपल्या कामाला लागणाऱ्या गोष्टी असतात. बिल्डरूट या इमेज बनवणाऱ्या साधनाने बनवलेली साधी इमेज काही दहा एमबींत बसते. त्या बदल्यात एक सोय सोडावी लागते: तिच्यात ॲप्ट, म्हणजे प्रोग्राम डाउनलोड करून बसवणारी उबुंटूची कमांड, नसतं. नवीन प्रोग्राम हवा असेल तर इमेज पुन्हा बनवायची.

माझं काम उबुंटूवर व्यवस्थित चालू आहे. तरी हा खटाटोप करू का?

नको. चालणारं मशीन बदलू नका.

एकच काम वर्षानुवर्षं तसंच करायचं असेल, मशीनजवळ कॉम्प्युटर जाणणारा माणूस नसेल, आणि वीज कधीही जात असेल, तर मात्र ही मेहनत सार्थकी लागते. संत्र्याच्या हंगामात काट्यावर भरलेला ट्रक उभा आहे, मागे रांग लागली आहे आणि स्क्रीनवर अपडेटचं चक्र फिरतंय, अशी वेळ कोणावर येऊ नये. अशा ठिकाणी बटण दाबल्यावर काही सेकंदांत वजनाचा आकडा दिसला पाहिजे, दुसरं काही नाही.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत आत काय घडतं?

हे नीट वाचा, कारण पुढची अर्धी उत्तरं यावर उभी आहेत. बूट म्हणजे चार जणांनी एकापाठोपाठ एक पुढे सोपवलेलं काम आहे: फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल आणि इनिट. प्रत्येकाला फक्त आपला पुढचा कुठे बसलाय तेवढंच माहीत असतं. तो सापडला नाही की साखळी तिथेच तुटते.

फर्मवेअर दोन प्रकारचं. जुनं बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट वाचतं. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ बाइट चार पार्टिशनच्या नोंदींचे आणि शेवटचे दोन सहीचे. सही म्हणजे हेक्समध्ये ५५ आणि एए. ती नसेल तर डिस्क बूट होणारी नाही असं बायोस धरून चालतं. नवं यूईएफआय असा सेक्टर चालवत नाही. ते फॅट फाइलसिस्टम असलेलं एक पार्टिशन शोधतं आणि पेनड्राइव्ह असेल तर त्यातल्या ईएफआय फोल्डरच्या आतल्या बूट फोल्डरमध्ये बूटएक्स६४ डॉट ईएफआय नावाची फाइल बघतं. नाव आणि जागा तंतोतंत तीच हवी.

मग बूटलोडर येतो. पीसीवर तो बहुतेक ग्रब असतो. तो कर्नलची फाइल मेमरीत आणतो आणि सोबत एक ओळ देतो: रूट कुठे आहे, कन्सोल (संदेश आणि लॉगिन दिसण्याची जागा) कुठला, वगैरे. कर्नल हार्डवेअर ओळखतो, त्या ओळीत सांगितलेलं रूट माउंट करतो आणि इनिट नावाचा पहिला प्रोग्राम सुरू करतो. बिल्डरूटमध्ये नेहमीचं इनिट बिझीबॉक्सचं (अनेक छोट्या कमांड एकत्र असलेल्या प्रोग्रामचं) असतं. ते इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली इनिटटॅब ही फाइल वाचतं, इनिट डॉट डी फोल्डरमधल्या स्क्रिप्ट क्रमाने चालवतं आणि शेवटी लॉगिन दाखवतं.

बिल्डरूट घेऊ की योक्टो?

पहिल्यांदाच करत असाल तर बिल्डरूट. मेन्यूतून निवडायचं आणि मेक ही कमांड द्यायची, एवढ्यावर ते चालतं. आत काय झालं ते एका माणसाला डोक्यात ठेवता येतं. वर्षातून चार आवृत्त्या येतात. त्यातली फेब्रुवारीची जास्त काळ सांभाळली जाते, म्हणून गिऱ्हाइकाच्या कामासाठी तीच घ्या.

योक्टो प्रोजेक्ट (इमेज बनवण्याचंच दुसरं साधन) लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केला. लेअर, रेसिपी, बिटबेक अशी त्याची स्वतःची मोठी मांडणी आहे. एकाच घराण्यातली अनेक उत्पादनं, मोठी टीम, चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेला योक्टोचाच लेअर, असं असेल तर तोच योग्य. त्याला १०० जीबीच्या पुढे मोकळी जागा द्यायची तयारी ठेवा. मिहानमधल्या नोकरीसाठी योक्टो शिकायचं असेल तर जरूर शिका, पण बिल्डरूटवर एक इमेज उभी केल्यानंतर. पाया तोच आहे.

इमेज बनवायला कसला कॉम्प्युटर लागेल? कॉलेजच्या लॅबमधला चालेल का?

लिनक्स असलेला कुठलाही बरा कॉम्प्युटर चालेल. ८ जीबी रॅम आणि काही दहा जीबी मोकळी जागा असली की पहिल्या इमेजला पुरे. रूट यूझर (सगळे अधिकार असलेला यूझर) होऊन मेक चालवू नका, त्याची गरज नाही आणि चुकून आपलीच सिस्टम बिघडू शकते. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) करत असाल तर बिल्डरूट पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) स्पेस असल्याची तक्रार करून सुरुवातीलाच थांबेल. विंडोजचे पाथ आपोआप जोडले जातात, त्यात “प्रोग्राम फाइल्स”सारखी नावं असतात. ते जोडणं बंद करा, अडचण संपते.

लॅबमधलं इंटरनेट भरवशाचं नसेल तर आधी मेक सोर्स चालवा. निवडलेल्या सगळ्या पॅकेजांचा सोर्स तेवढा डाउनलोड होतो आणि डीएल फोल्डरमध्ये साठतो. ते फोल्डर पेनड्राइव्हवर मित्राला द्या, त्यालाही पुन्हा डाउनलोड करावं लागणार नाही. एका बॅचने हे एकदा केलं की सगळ्यांचा वेळ वाचतो.

पहिलं बिल्ड वेळ खातं, कारण कंपायलरसुद्धा ते स्वतः बनवतं. मे महिन्यात लॅपटॉपवर करायचं असेल तर पहाटे लावा. दुपारी चारला प्रोसेसर गरम होऊन स्वतःचा वेग कमी करतो आणि तेच काम जवळपास दुप्पट रेंगाळतं.

पहिली इमेज कुठल्या मशीनसाठी बनवू?

कुठल्याच खऱ्या मशीनसाठी नाही. क्यूइएमयूसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी बनवा. कॉन्फिग फोल्डरमध्ये क्यूइएमयू एक्स८६ ६४ नावाचं डेफकॉन्फिग (आधीच ठरवलेल्या सेटिंगची फाइल) तयार आहे. मेकच्या पुढे ते नाव द्या, मग नुसतं मेक. झाल्यावर आउटपुटमधल्या इमेजेस फोल्डरमध्ये कर्नल, रूट फाइलसिस्टम आणि क्यूइएमयू सुरू करून देणारी एक स्क्रिप्टही मिळते. ती चालवा, रूट म्हणून लॉगिन करा. पासवर्ड नसतो.

इथे काहीही बिघडलं तरी कोणाची डिस्क जात नाही आणि प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह लिहावा लागत नाही. इथे हात बसला की पीसी एक्स८६ ६४ची डेफकॉन्फिग घ्या. ती दोन आहेत, बायोससाठी एक आणि ईएफआयसाठी एक. दोन्हींतून डिस्क डॉट आयएमजी तयार होते.

माझ्या मशीनला बायोसची इमेज हवी की ईएफआयची, हे कसं कळणार?

विंडोज असेल तर एमएसइन्फो३२ चालवा आणि “बायोस मोड” या ओळीपुढे काय आहे ते बघा: लेगसी की यूईएफआय. लिनक्स असेल तर सिसमधल्या फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचं फोल्डर दिसतं का ते बघा. दिसलं तर मशीन यूईएफआयने सुरू झालेलं आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही जुन्या ॲटम प्रोसेसरच्या मिनी पीसींत आणि टॅब्लेटमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय ३२ बिटचं असतं. तिथे बूटआयए३२ डॉट ईएफआय लागते. दुसरी कितीही अचूक असली तरी तिकडे ते बघतच नाही.

इमेजची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण बूट होत नाही.

कॉपी-पेस्टने होणारच नाही. कॉपी केल्यावर इमेज ही पेनड्राइव्हवरच्या फाइलसिस्टममधली एक फाइल झाली. आपल्याला ती पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून लिहायची आहे. विंडोजवर बलेनाएचर वापरा, किंवा रूफसमध्ये डीडी मोड निवडा. लिनक्सवर डीडी ही कमांड पुरेशी आहे. त्यात ब्लॉक साइज ४एम ठेवा आणि कन्व्हर्शनमध्ये एफसिंक द्या, म्हणजे सगळं खरोखर लिहून झाल्यावरच कमांड परत येते.

डीडीबद्दल कळकळीने सांगतो: एंटर दाबण्याआधी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून डिस्कचं नाव आणि आकार दोन्ही बघा. डीडी विचारत नाही. चुकीचं अक्षर दिलं तर घरातल्या फोटोंची डिस्क क्षणात जाते आणि तिची सुरुवातच पुसली गेल्यामुळे ती परत मिळवणं फार अवघड होतं. शिवाय नाव अख्ख्या डिस्कचं द्यायचं: एसडीबी. एसडीबी१ दिलं तर इमेज पार्टिशनच्या आत लिहिली जाते आणि फर्मवेअरला ती सापडत नाही.

लिहून झाल्यावर विंडोज “फॉरमॅट करायचं का?” असं विचारेल. नाही म्हणा. त्याला एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टम वाचता येत नाही म्हणून ते विचारतं. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आता छोटाच दिसतो, तेही बरोबर आहे, कारण इमेजमधलं पार्टिशन टेबल तेवढंच आहे.

रस्त्यावर फार स्वस्तात मिळालेल्या पेनड्राइव्हवर दाखवलेली जागा खरी असेलच असं नाही. एफ३ नावाच्या प्रोग्रामने एकदा तपासून घ्या.

पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच उघडून राहिलंय. काय करू?

बूट मेन्यू उघडा. डेल, लेनोवो, एसर आणि गिगाबाइटवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयवर एफ११, असूसच्या डेस्कटॉपवर एफ८ आणि लॅपटॉपवर एस्केप. एसरमध्ये हा मेन्यू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे कधीकधी ही बटणं दाबायला सवडच मिळत नाही. रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा.

मेन्यूत पेनड्राइव्ह दिसतो पण निवडल्यावर सिक्युरिटीचा संदेश येतो, म्हणजे सिक्योर बूट (मान्य सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सेटिंग) अडवतंय. आपल्या इमेजमधल्या बूटलोडरवर त्या मशीनला मान्य असलेली सही नाही. सिक्योर बूट बंद करावं लागेल. पण त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की हातात घ्या. आजकालच्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. सिक्योर बूट बदललं की विंडोज पुढच्या वेळी ती ४८ आकडी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते. ती कागदावर उतरवल्याशिवाय दुसऱ्याच्या मशीनच्या सेटिंगला हात लावू नये, असा मी नियमच ठेवला आहे.

सिक्योर बूट कायम बंद ठेवणं चालेल का?

घरच्या सरावाच्या मशीनवर चालेल. जिथे कोणीही येऊन पेनड्राइव्ह लावू शकतो तिथे निदान फर्मवेअरला पासवर्ड घाला आणि यूएसबी बूट बंद करा. पुढे जायचं असेल तर स्वतःच्या किल्ल्या बनवून त्या फर्मवेअरमध्ये नोंदवता येतात आणि आपल्या इमेजवर आपली सही करता येते.

स्क्रीन काळीच दिसून राहिली आहे. सुरुवात कुठून करू?

घाईने पुन्हा इमेज बनवू नका. वर सांगितलेल्या चौघांपैकी शेवटी कोण बोललं, ते शोधा.

कंपनीचा लोगो तसाच राहिला किंवा बूट होणारं डिव्हाइस नाही असा संदेश आला, तर काम फर्मवेअरच्याच हातात आहे. इमेज चुकीची लिहिली गेली, बायोस-ईएफआयची अदलाबदल झाली, किंवा फाइलचं नाव चुकलं. ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट आला तर बूटलोडर पोहोचला आहे पण त्याला त्याची कॉन्फिग फाइल मिळाली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून आलं तर त्याला स्वतःचे मॉड्यूलही मिळालेले नाहीत. कर्नलच्या ओळी धावल्या आणि थांबल्या, तर शेवटची ओळ वाचा. लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक झाला आहे, म्हणजे पुढे जाता न आल्याने थांबला आहे.

ग्रबपर्यंत सगळं ठीक आणि मग एकदम अंधार, असं झालं तर दोन शक्यता आधी बघा. एक, कर्नलच्या ओळीत कन्सोल फक्त सीरिअल पोर्टचा दिलेला असेल. मशीन पूर्ण सुरू होऊन लॉगिनची वाट बघत बसलेलं असतं, पण ते सगळं सीरिअल केबलवर. कन्सोल एकापेक्षा जास्त देता येतात आणि त्यातला शेवटचा मुख्य धरला जातो, म्हणून मॉनिटर हवा असेल तर टीटीवाय१ शेवटी लिहा. दोन, ग्राफिक्सचा ड्रायव्हर गडबड करत असेल. त्यासाठी त्या ओळीत नोमोडसेट घालून बघा. आणि क्वाएट (संदेश लपवणारा) हा शब्द दिसला तर आधी काढा. तो गिऱ्हाइकासाठी असतो, दुरुस्ती करणाऱ्यासाठी नाही.

“अनेबल टू माउंट रूट एफएस” असं येऊन कर्नल पॅनिक होतो.

या संदेशाच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात. सगळं रहस्य त्यात आहे आणि बहुतेक जण फोटो काढताना तेच कापतात.

आकडे ०,० असतील तर तुम्ही सांगितलेली डिस्क कर्नलला दिसलेलीच नाही. एक तर तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. साटासाठी एएचसीआय, नव्या एसएसडीसाठी एनव्हीएमई, पेनड्राइव्हसाठी यूएसबी स्टोरेज, हे मॉड्यूल (डिस्कवर वेगळी फाइल) म्हणून न ठेवता कर्नलमध्येच बांधून घ्यावे लागतात, कारण मॉड्यूल ज्या डिस्कवर आहेत ती डिस्कच अजून उघडलेली नाही. नाहीतर डिस्क यायला उशीर लागतोय. यूएसबीच्या बाबतीत हे हमखास होतं. कर्नलच्या ओळीत रूटवेट लिहा, म्हणजे तो डिस्क येईपर्यंत थांबतो.

आकडे ८,१ असे असतील तर डिस्क सापडली आहे. ८ हा एसडीए, एसडीबी अशा नावांच्या डिस्कचा क्रमांक, १७९ मेमरी कार्डचा, २५९ एनव्हीएमईचा. आता अडचण फाइलसिस्टमची आहे: एक्स्ट४ किंवा स्क्वॉशएफएस कर्नलमध्ये बांधायचं राहिलं, किंवा ते पार्टिशन भलतंच आहे.

क्यूइएमयूत चाललं पण खऱ्या मशीनवर नाही, याचं कारण बहुतेकदा नावात असतं. मशीनमध्ये आधीच एक डिस्क असेल तर पेनड्राइव्ह एसडीए न राहता एसडीबी होतो. म्हणून रूटसाठी पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्या. नुसता यूयूआयडी चालत नाही, कारण तो फाइलसिस्टमच्या आत असतो आणि इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टम) नसताना कर्नल तो शोधत नाही. पार्टयूयूआयडी पार्टिशन टेबलमध्येच असतो, तो कर्नल स्वतः वाचतो.

रास्पबेरी पायवरही हीच इमेज चालेल का?

नाही. पायचा प्रोसेसर आर्मचा आहे, पीसीचा एक्स८६. शिवाय पायवर बायोसही नाही. चिपमधला छोटा कोड कार्डावरचं पहिलं फॅट पार्टिशन बघतो, तिथून फर्मवेअरच्या फाइली घेतो, कॉन्फिग डॉट टीएक्सटी वाचतो आणि मग कर्नल सुरू करतो. पाय ४ पासून बूटलोडर बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये गेला, आधीच्या बोर्डांत तो कार्डावरच असतो. बिल्डरूटमध्ये प्रत्येक मॉडेलचं वेगळं डेफकॉन्फिग आहे आणि त्यातून एसडीकार्ड डॉट आयएमजी मिळते.

स्क्रीन काळी असेल तर हिरवा दिवा मोजा. चार वेळा लुकलुकून थांबत असेल तर स्टार्ट डॉट ईएलएफ सापडलेली नाही, सात वेळा असेल तर कर्नल. सीरिअल केबल लावायची तर ३.३ व्होल्टचीच घ्या. ५ व्होल्टची लावली तर पिन जळते.

वीज मध्येच जाते. इमेज खराब होणार नाही का?

रूट फाइलसिस्टम लिहिण्याजोगी ठेवली तर आज ना उद्या होईल. मेमरी कार्डावर तर लवकरच. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येऊन फीडर बंद पडला की दिवसातून अनेकदा झटका बसतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

उपाय इमेज बनवतानाच करायचा. रूट स्क्वॉशएफएसमध्ये ठेवा. ती फक्त वाचता येते, त्यामुळे वीज कधीही गेली तरी तिच्यात अर्धवट लिहिलेलं काही राहूच शकत नाही. तात्पुरत्या फाइली आणि लॉग टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये. एखाद्या प्रोग्रामला इटीसीमध्ये लिहायचंच असेल तर त्यावर ओव्हरलेएफएस (बदल वेगळ्या थरात ठेवणारी फाइलसिस्टम) घाला. आणि खरा डेटा, म्हणजे वजनाच्या पावत्या, एका वेगळ्या एक्स्ट४ पार्टिशनवर. ते बिघडलं तरी मशीन सुरू होतं आणि सुरू झालेलं मशीन ते पार्टिशन स्वतः तपासू शकतं.

पावती आधी डिस्कवर पक्की लिहा आणि मगच छापा. प्रोग्रामने नुसतं ‘लिहिलं’ म्हटलं तरी डेटा काही सेकंद रॅममध्येच असतो. एफसिंक केल्याशिवाय तो डिस्कवर पोहोचला असं धरू नका. ट्रकवाल्याच्या हातात पावती आहे आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही, यावरून होणारं भांडण मिटवणं फार कठीण असतं. यूपीएस लावाच, पण बॅटरी कधीतरी संपणार हे धरून इमेज बनवा.

अभ्यासिकेसारख्या ठिकाणी जपण्यासारखा डेटाच नसतो. तिथे अख्खी रूट फाइलसिस्टम इनिटरॅमएफएस म्हणून रॅममध्ये चढवता येते. दर वेळी मशीन कोरं सुरू होतं.

आमच्या अभ्यासिकेत बरेच कॉम्प्युटर आहेत. प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावायचा का?

गरज नाही. नेटवर्कवरून बूट करा, त्याला पीएक्सई म्हणतात. एका मशीनवर डीएनएसमास्क (नेटवर्कवर पत्ते आणि बूटची माहिती देणारा प्रोग्राम) चालवा. आधीचा राउटर पत्ते वाटत असेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने फक्त बूटची माहिती देतं, राउटरशी भांडत नाही. कर्नल आणि इनिटरॅमएफएस तिथे ठेवले की सगळी मशीन तेच उचलतात. इमेज बदलायची तर एकाच ठिकाणी. यासाठी लॅनची तार हवी, वायफायवर फर्मवेअरचं पीएक्सई सहसा चालत नाही.

काट्याचा इंडिकेटर सीरिअल पोर्टवर आहे. इमेजमध्ये काय काळजी घेऊ?

सगळ्यात आधी, त्या पोर्टवर कन्सोल ठेवू नका. टीटीवायएस० (पहिला सीरिअल पोर्ट) वर कन्सोल असेल तर कर्नल आपले सगळे संदेश इंडिकेटरकडे पाठवतो आणि इंडिकेटरने पाठवलेलं वजन लॉगिनचा प्रोग्राम यूझरचं नाव समजून गिळतो. आकडे कधी येतात, कधी येत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी कर्नलची ओळ आणि इनिटटॅब तपासा.

यूएसबी कन्व्हर्टर असेल तर त्यातली चिप बघून ड्रायव्हर घ्या: एफटीडीआय, सीएच३४० किंवा पीएल२३०३. दोन कन्व्हर्टर असतील तर टीटीवाययूएसबी० आणि १ यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून यूडेव्ह (डिव्हाइसना नावं देणारा प्रोग्राम) घालून त्यांना कायमचं नाव द्या.

इंडिकेटरला वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं. आपण फक्त बाहेर येणारा आकडा वाचतो. सील आणि कॅलिब्रेशनला हात लावायचा नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

नवतप्यात मशीन आपोआप मंद होतं. इमेजचा दोष आहे का?

बहुतेक नाही. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहून जास्त असतं आणि बंद डब्यातल्या बोर्डाला थंड व्हायला जागाच नसते. पाय ४ चं तापमान ८० अंशांवर गेलं की तो स्वतःचा वेग उतरवतो. हीटसिंक लावा, डब्याला वर-खाली भोकं ठेवा, उन्हाकडची भिंत टाळा. कूलरच्या थेट झोताखाली मात्र मशीन ठेवू नका. ओलाव्याने कनेक्टर गंजतात. इमेजमध्ये एवढंच करता येतं की दर मिनिटाला तापमान नोंदवा, म्हणजे तक्रार आली की अंदाज करावा लागत नाही.

तारीख १९७० दाखवतं आणि वेबसाइट उघडत नाहीत.

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत घड्याळच नाही आणि जुन्या पीसीत सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सर्टिफिकेट अमान्य ठरतात. पीसीचा सेल बदला, पायला डीएस३२३१चं मॉड्यूल लावा. टाइमझोनचा डेटा इमेजमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर पावतीवरची वेळ साडेपाच तास मागे येते.

पावती मराठीत छापायची आहे.

लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलवर जोडाक्षरं नीट येत नाहीत, तिथे वेळ घालवू नका. इमेजमध्ये पँगो आणि हार्फबझ (अक्षरं नीट जोडून मांडणाऱ्या लायब्ररी) निवडा, नोटो किंवा लोहित फॉन्ट रूटएफएस ओव्हरलेच्या (इमेजमध्ये जशाच्या तशा जाणाऱ्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये टाका, पावतीचं चित्र बनवा आणि ते चित्र थर्मल प्रिंटरला पाठवा. प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टवर अवलंबून राहिलं की ‘शेतकऱ्याचे’ या शब्दाचे तुकडे होतात. शेतकऱ्याला स्वतःचं नाव पावतीवर धड वाचता आलं पाहिजे, याबाबतीत तडजोड करू नका.

गिऱ्हाइकाकडे बसवलेल्या मशीनवर नवीन इमेज कशी पाठवू?

डिस्कवर रूटसाठी दोन जागा ठेवा. एकीवरून मशीन चालू असताना नवी इमेज दुसरीवर लिहायची, पुढच्या बूटला तिच्यावर जायचं, आणि नवी नीट सुरू झाली नाही तर आपोआप जुनीवर परतायचं. राउक आणि एसडब्ल्यूअपडेट हे काम करतात आणि दोन्ही बिल्डरूटमध्ये आहेत. काटोल-नरखेडच्या मशीनसाठी दर वेळी गाडी काढायची नसेल तर हे पहिल्याच इमेजमध्ये करा. नंतर पार्टिशन बदलणं दुरून करण्यासारखं काम नाही.

इमेज विकली तर सोर्स द्यावा लागतो का?

लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स जीपीएल या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहेत. मशीन ज्याला दिलं त्याला त्यांचा सोर्स, तुमच्या बदलांसह, मिळाला पाहिजे. वेगळा चालणारा तुमचा वजनाचा प्रोग्राम यात सहसा येत नाही. मेक लीगल-इन्फो चालवलं की लायसन्सची यादी आणि सोर्स एका फोल्डरमध्ये जमा होतात. ते फोल्डर इमेजसोबत जपून ठेवा. रूटचा रिकामा पासवर्डही मशीन देण्याआधी बदला.

अडलो तर मदत मागताना काय पाठवू?

स्क्रीनचा पूर्ण फोटो, शेवटच्या ओळी आणि कंसातले आकडे न कापता. मेक सेव्हडेफकॉन्फिगने तयार झालेली, तुमच्या सेटिंगची छोटी फाइल. बिल्डरूटची आवृत्ती. कर्नलला दिलेली ओळ. मशीनचं मॉडेल आणि ते बायोस की यूईएफआय. इमेज कशाने आणि कशावर लिहिली. क्यूइएमयूत ती चालते की नाही. इमेजची फाइल पाठवू नका, एवढ्या माहितीवर ती इथे पुन्हा बनवता येते.